पाचव्या महिन्याचे पाच वेढे

बाळ टेबलावर ठेवलं तेव्हा कुसुमबाईंनी आधी खिडकीची दोन्ही दारं उघडली. त्यांना वाटलं, उजेड कमी पडतोय. उजेड भरपूर होता. बाळच पाटीच्या रंगाचं झालं होतं. ओठ, नखं, जिभेचं टोक, सगळं राखाडी.

कुसुमबाई म्हणजे आमच्या दवाखान्याच्या नर्स. सहसा न घाबरणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी हातातला चहा तसाच ठेवला.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. तेरखेड्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात सरकारी दवाखाना होता आणि मी तिथला एकुलता एक डॉक्टर. दारावरची जुनी उर्दू पाटी कुणी काढली नव्हती, तिच्या शेजारी नवी मराठी पाटी ठोकली होती. आत एक टेबल, एक कपाट, उकळायची भांडी. ऑक्सिजनचं सिलिंडर नव्हतं. मागितलं होतं. मागितलेलं येईपर्यंत माणसं थांबत नाहीत, हे वर बसलेल्यांना सांगून मी थकलो होतो.

बाळ पाच महिन्यांचा मुलगा. त्याची आई शेवंता पहिल्यांदा मुलगी आणि दुसऱ्यांदा हा मुलगा, अशी दोन्ही बाळंतपणांना माहेरी आलेली. माहेर मेंढ्या राखणाऱ्यांचं, आमच्या गावाला लागून त्यांची वस्ती. सोबत शेवंताची आई गोदाबाई, भाऊ भिवा आणि नवरा नामदेव. नामदेव दारापाशीच उभा राहिला होता. आत येत नव्हता.

"कधीपासून असं?" मी विचारलं.

"सकाळच्यापासनं," गोदाबाई म्हणाली. "रातच्याला जरा मळकट दिसलं, म्हनलं चिमणीचा उजेड हाय."

"खोकला? ताप?"

"न्हाय सायेब."

"दूध पितंय?"

"काल दुपारपासनं तोंडच लावंना. लावलं तर दूध गालातनं भाईर येतंय."

मी छातीला नळी लावली. मूल निळं पडलं की डॉक्टर आधी छातीकडे धावतो, कारण बहुतेक वेळा गुन्हेगार तिथंच सापडतो. न्यूमोनिया, घशात अडकलेला शेंगदाणा, नाहीतर जन्मजात हृदयाचं दुखणं. छाती स्वच्छ होती. दोन्हीकडे हवा नीट जात होती. हृदय पळत होतं, पण त्यात वेडावाकडा आवाज नव्हता. हवा आत जातेय आणि मूल निळं पडतंय. असं असेल तर दोष हवेचा नाही, रक्ताचा.

टाचेला सुई टोचली. थेंब आला तो काकवीच्या रंगाचा. टिपकागदावर घेऊन हवेत हलवला. नेहमीचं रक्त काळपट असलं तरी हवा लागली की लाल होतं. हे झालं नाही. काकवी ती काकवीच राहिली.

वाचकांसाठी सोपं करून सांगतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा एक पदार्थ असतो, हिमोग्लोबिन. काही औषधांनी, काही रसायनांनी तो बिघडतो. मग रक्त असतं, श्वास असतो, नाडी असते, पण अंगाला ऑक्सिजन मिळत नाही. गाडी भरून येते आणि माल न उतरवता पुढं जाते. मोठ्या माणसाचं शरीर असं बिघडलेलं रक्त हळूहळू दुरुस्त करतं. तान्ह्या बाळाला ती दुरुस्ती अजून नीट जमत नसते. म्हणून जे मोठ्याला बाधत नाही ते बाळाला बाधतं. पोटात काय गेलं, हे कळायला हवं होतं.

"बाळाला काय काय दिलं?"

"अंगावरचं दूध अन् गुटी. दुसरं काय बी न्हाय," गोदाबाई म्हणाली.

"नीट आठवा. औषध? अफू? बाळगोळी?"

"आमच्यात अफू देत न्हाईत सायेब," ती एकदम ताठ होऊन म्हणाली. "म्या सात लेकरं वाढिवली. एकाला बी दिली न्हाय."

भिवा मध्ये पडला. "तिला काय इचारता? ह्याला इचारा. ह्यो तेरखेड्याला दारूकामाला हाय. काल सांजच्याला आला अन् तसंच लेकरू उचललं."

दारू म्हणजे शोभेची दारू, फटाक्यांची. नामदेव फटाक्यांच्या शेडमध्ये मसाला भरायचा. सोरा, गंधक, कोळसा, चंदेरी पावडर. तो दारातूनच म्हणाला, "हात धुतलं हुतं सायेब. राखंनं घासून धुतलं हुतं. पर नखात ऱ्हातंय थोडं."

"बाळानं बोट चोखलं?"

त्यानं आपल्या नखांकडे पाहिलं. मग मान हलवली. हो.

"बघा!" भिवा ओरडला. शेवंतानं नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही आवडत नाही.

इथं मी अडकलो. सोरा म्हणजे नायट्रेट, तो पोटात गेला तर रक्त असंच बिघडू शकतं, हे खरं होतं. पण नखातला सोरा म्हणजे किती? चिमूटसुद्धा नाही. शिवाय बाळानं दूध सोडलं काल दुपारी आणि बाप आला संध्याकाळी. मी भिवाला तसं सांगितलं. त्याला ते ऐकायचं नव्हतं. त्याला माणूस सापडला होता.

मी गुटीचा बटवा मागितला. गोदाबाईनं कनवटीचा काढून दिला. बाळ निघालं की गुटीही निघते, हे आमच्याकडच्या आज्यांचं पक्कं. हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, अतिविष, खारीक, बदाम. मी एकेक काढून हुंगलं, नखानं खरवडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथं. बाजारातली भेसळही नव्हती.

ज्यांनी गुटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मुळ्याफळं सहाणेवर आईच्या दुधात उगाळतात आणि ते चाटण बाळाला देतात. माप चमच्याचं नसतं, वेढ्याचं असतं. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. वेखंड, अतिविष ही कडक, त्यांचा एखादाच वेढा. बदाम, खारीक गोड आणि सौम्य, त्यांचे वेढे बाळाच्या महिन्यांबरोबर वाढतात. वयाप्रमाणे डोस म्हणून आम्ही कॉलेजात जे शिकलो ते या बाया सहाणेवर करत होत्या. मला गुटीचा राग नाही. त्या दिवशीही नव्हता.

पोस्ट शेजारीच होतं. तिथून उस्मानाबादला, म्हणजे धाराशिवला, जिल्ह्याच्या दवाखान्यात ट्रंक कॉल लावला. नशिबानं लगेच लागला आणि मोठे साहेब स्वतः फोनवर आले.

"सर, पाच महिन्यांचं बाळ. मेट-हिमोग्लोबिन वाटतंय. मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन आहे का?"

"कशावरून वाटतंय?"

"रक्त काकवीसारखं. हवेत लाल होत नाही. छाती स्वच्छ."

"कारण?"

"सापडलं नाही."

"कारण शोध. पण शोधत बसू नको. निघ. मी ॲम्प्युल काढून ठेवतो."

मिथिलीन ब्लू हे निळं औषध आहे. निळ्या पडलेल्या बाळाच्या शिरेत निळं औषध घालायचं आणि बाळ गुलाबी होतं. ऐकायला चेष्टा वाटते, पण ते रक्ताला पुन्हा कामाला लावतं. आमच्याकडे ते नव्हतं. व्हिटॅमिन सीचं इंजेक्शन होतं, ते दिलं. त्याचा गुण येतो, पण सावकाश, आणि आमच्यापाशी सावकाश काही नव्हतं.

ब्लॉकची जीप मिळाली. रशीदभाई ड्रायव्हर. मी पुढं, मागं शेवंता बाळाला घेऊन आणि गोदाबाई. आणखी एक जागा होती. नामदेव पुढं सरकला तसा भिवानं त्याचा दंड धरला. "तू हात लावायचा न्हाय." नामदेव थांबला. शेवंतानं तोंड फिरवलं. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं चला, आणि गाडी निघाली.

येरमाळ्याच्या अलीकडे बाळाच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मी मागं जाऊन बसलो. घसा साफ करायला चमच्यानं जीभ दाबली. लहान मुलाची जीभ मागून दाबली की त्याला उमासा येतो, येतोच. ह्याला आला नाही. आणखी मागं दाबली. काही नाही. चमचा जणू दुसऱ्याच कुणाच्या तोंडात होता.

बधिर. तोंड बधिर होतं. म्हणून दूध गालातून बाहेर येत होतं. बाळ दूध नाकारत नव्हतं, त्याला ओढता येत नव्हतं.

मी वाकून वास घेतला. दुधाच्या आंबूस वासाखाली पुदिन्याचा वास होता.

"गोदाबाई, बाळाच्या तोंडात काही लावलं होतं?"

"लावलं की," ती म्हणाली. "हिरडीला. दात येत्यात त्याला. लई रडत हुतं, म्हून संगीचं मलम लावलं."

संगी म्हणजे शेवंताची थोरली, सात वर्षांची, तीही आईबरोबर आजोळीच होती. तिची दाढ किडली होती. नामदेवनं तिला बार्शीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि त्यांनी दाढेला लावायला एक ट्यूब दिली होती.

"मी मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला.

"तुमी काय दिलं म्हून इचारलं," ती म्हणाली. तिच्या तोंडावर खोटेपणाचा मागमूसही नव्हता. "ते दिलं न्हाय सायेब. लावलंय."

ट्यूब तिच्या पदराच्या गाठीत होती. खालपासून वरपर्यंत चपटी झालेली. मी नाव वाचलं. बेंझोकेन. जागा बधिर करणारं औषध. दाढेवर लावलं की थोडा वेळ ठणका कळत नाही. सात वर्षांच्या मुलीला, मुगाएवढं, तेवढ्याच जागी, तर ते ठीक. पण तान्ह्या बाळाच्या हिरड्यांतून ते सरळ रक्तात जातं, आणि रक्ताचं काय करतं ते माझ्या टिपकागदावर होतं. ट्यूबवर कुठंही वयाबद्दल अक्षर नव्हतं.

"किती लावलं?"

तिनं न लपवता सगळं सांगितलं. काल सकाळी तिनं आधी स्वतः जिभेला लावून पाहिलं. गोड लागलं. गोड म्हणजे सौम्य, बदामासारखं, कडक नव्हे. म्हणून सहाणेवर ट्यूब पिळून, आईच्या दुधाचे थेंब घालून, बोटानं पाच वेढे फिरवले. पाचवा महिना म्हणून पाच. ते सगळं दोन्ही हिरड्यांना चोळलं. बाळ गप्प झालं. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मग भुकेनं रडायला लागलं, तर दूध ओढेना. तिला वाटलं, हिरडी ठणकतीय म्हणून तोंड लावत नाही. पुन्हा पाच वेढे. पुन्हा गप्प. पुन्हा भूक. असं दिवेलागणीपर्यंत, आणि पहाटे पुन्हा.

बधिर झाल्यामुळे बाळ उपाशी, उपाशी म्हणून रडतंय, रडतंय म्हणून पुन्हा मलम. मी ऐकत होतो आणि ओल्या फडक्यानं बाळाच्या हिरड्या पुसत होतो. पुसून काही होणार नव्हतं. जायचं ते रक्तात गेलं होतं. हातांना काहीतरी काम हवं होतं, एवढंच.

गोदाबाईनं माझ्या हातातल्या ट्यूबकडे पाहिलं, मग बाळाकडे. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"ह्यानं झालं व्हय सायेब?"

मी म्हटलं, "आधी धाराशिव गाठू."

शेवंतानं बाळ डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. आईच्या बाजूनं काढून पलीकडे.

येडशी मागं पडल्यावर बाळाचा श्वास थांबत थांबत येऊ लागला. मी त्याला मांडीवर आडवं घेतलं, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. हवा आत जात होती, छाती फुलत होती. त्या रक्ताला हवेचा उपयोग नव्हता. रशीदभाईंनी गाडी जेवढी पळते त्याहून जास्त पळवली. शहराची घरं दिसायला लागली तेव्हा मी श्वास देणं थांबवलं. जिल्ह्याच्या दवाखान्याच्या दारात मोठे साहेब ॲम्प्युल आणि सिरिंज घेऊन उभे होते. त्यांनी बाळ हातात घेतलं, पाहिलं आणि सिरिंज हळूच ट्रेमध्ये ठेवली.

"कारण सापडलं?" त्यांनी विचारलं.

"सापडलं सर."

परतीच्या वाटेवर बाळ शेवंताच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं होतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दवाखान्यासमोर नामदेव बसला असणार, आणि अख्खी वस्ती त्याला लेकराचा जीव घेणारा म्हणत असणार. त्याला सोडवायचं तर गोदाबाईला पुढं करावं लागत होतं. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. औषधानं झालं, कुणाचा दोष नाही. डॉक्टर लोक असली वाक्यं फार सफाईनं जुळवतात. कुठलं औषध, कुणी लावलं, हे कुणी विचारलंच तर पाहू, असं ठरवलं.

नामदेव बसलेला नव्हता. दवाखान्याच्या हापशावर होता. कुसुमबाईंनी नंतर सांगितलं, आम्ही निघाल्यापासून तो तिथंच होता. राख संपली तशी त्यानं विटेचा तुकडा घेतला होता आणि बोटं घासत होता. नखांच्या कडेनं रक्त आलं होतं. बाईंनी दोनदा हात धरून बाजूला केलं, तो दोनदा परत गेला. भिवा आणि वस्तीवरची माणसं ओसरीवर बसून बघत होती.

गाडी थांबली. मी उतरायच्या आत गोदाबाई उतरली. ती सरळ हापशाकडे गेली. सासू जावयापुढं डोईवरचा पदर सावरून, बाजूला वळून बोलते, अशी आमच्याकडची रीत. ती त्याच्या अगदी समोर, तोंडाकडे बघत उभी राहिली आणि त्याच्या हातातली वीट काढून घेतली.

"पुरं करा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं न्हाय झालं. माज्या हातानं झालं. संगीचं मलम म्या लावलं त्याला."

मग ती ओसरीकडे वळली आणि तेच परत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. भिवाचं नाव घेऊन म्हणाली. माझं जुळवलेलं वाक्य माझ्याकडेच राहिलं. मी आयुष्यात बरेच धीट लोक पाहिले. त्या बाईइतकं धीट कुणी पाहिलं नाही, आणि ते पाहायला लागू नये असं तेव्हाही वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी बार्शीला गेलो. रागानंच गेलो. दातांचे डॉक्टर सज्जन निघाले. म्हणाले, "मी मुलीला दिलं होतं. मुगाएवढं, किडलेल्या दाढेवरच, आणि लावल्यावर थुंकायचं, असं बापाला सांगितलं होतं." नामदेवनंही तसंच सांगितलं होतं घरी. संगीनं तसंच लावलं होतं. तिला त्याचा गुणही आला होता. घरात तान्हं बाळ आहे का, हे विचारायचं कुणाच्या मनात येणार? चूक कुणाची ते शोधायला गेलो आणि कुणाचीच धड सापडली नाही. त्याचा मला जास्त राग आला. परतताना एसटीत शेजारच्यानं भाव विचारला, कसला ते आठवत नाही, मी त्याच्यावर खेकसलो.

त्यानंतर मी "बाळाला काय दिलं" असं विचारणं सोडून दिलं. काय दिलं, काय लावलं, काय चाटवलं, काय हुंगवलं, नाकाडोळ्यांत काय घातलं, असं एकेक विचारायला लागलो. नवीन डॉक्टरांना ते पाल्हाळ वाटे. वाटू दे. आणि लसीकरणाच्या दिवशी बाया जमल्या की सांगायचो, बाळाला दात येताना आपलं बोट धुऊन हिरडी हलकी चोळा, गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं चावायला द्या, बस. ठणका घालवणारं मलम तान्ह्याला नाही, दोन वर्षांच्या आतल्या कुणालाच नाही. मोठ्या पोराला डॉक्टरनं दिलं तर त्याचं त्याला, सांगितलं तेवढंच, आणि ट्यूब फळीवर उंच. बाया विचारायच्या, "मग त्याचं वेढं किती?" मी म्हणायचो, शून्य. त्या हसायच्या. शून्य वेढ्याला सहाण कशाला भिजवायची, म्हणायच्या. हसून का होईना, लक्षात राहायचं.

शेवंताला नंतर मुलगी झाली. त्या बाळंतपणाला ती माहेरी आली नाही, तेरखेड्यालाच राहिली. पोर पाच महिन्यांची झाल्यावर नामदेव तिला टोचायला आमच्या दवाखान्यात घेऊन आला. टोचायला तेरखेड्याहून इथवर कशाला, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात मागून गोदाबाई आली. तो तिला वस्तीवर जाऊन घेऊन आला होता. ती बाळापासून दोन हात लांब उभी राहिली, दोन्ही हात पदराखाली घेऊन. पोर रडत होती. हिरड्या सुजल्या होत्या. तिनं हात बाहेर काढले नाहीत.

"आत्या, बसा," नामदेव म्हणाला. ती बाकावर टेकली. त्यानं पोर उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली. त्याच्या नखांच्या कडेला जुने वण होते. "आजपासनं गुटी तुमीच उगाळायची. म्या घिऊन येत जाईन हिला."

गोदाबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"बदामाचे किती वेढे?" मी विचारलं.

तिनं पोरीकडे पाहिलं. मग पदराखालून एक हात काढून तिनं पोरीच्या पाठीवर ठेवला.

"पाच," ती म्हणाली.

बरोबर होतं.